व्ही नंबरचं रिव्हॉल्व्हर: घ्यावं कसं, वाचावं कसं, झाडावं कसं

माझ्या कपाटात आईच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात झाडलेल्या काडतुसांच्या सहा रिकाम्या पितळी पुंगळ्या ठेवलेल्या आहेत. त्यातल्या पाचांची पोटं सुटली आहेत, सहावी उभी फाटली आहे. कुणी नवखा माणूस 'जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, काय बघू?' असं विचारत घरी आला, की चहाच्या आधी मी करंडा उघडतो.

आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे गावोगावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये रविवारी बंदुकांचा बाजार भरतो. दाराशी एक आजोबा तुमचं हत्यार रिकामं आहे ना बघून त्यात प्लास्टिकची पट्टी ओवतात, आत हॅम सँडविचचा वास दरवळत असतो आणि लांबच लांब टेबलांवर शंभर वर्षांचं लोखंड मांडलेलं असतं. बारा वर्षांपूर्वी तिथल्या शेवटच्या टेबलावर मी एक रिव्हॉल्व्हर घेतलं. चकचकीत निकेल केलेलं, चार इंची नळी, स्मिथ अँड वेसन कंपनीचं. विकणारा म्हणाला, आमच्या आजोबांनी हे दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर वापरलंय. मी विरघळलो. भोसरीच्या कारखान्यात अकरा वर्षं क्वालिटीत काढलेली, हजारांश इंचासाठी शाफ्ट परत पाठवणारा माणूस मी, पण त्या दिवशी खिशातलं व्हर्नियर बाहेरसुद्धा काढलं नाही.

पुढच्या शनिवारी रेंजवर .३८ स्पेशलची सहा काडतुसं भरली आणि झाडली. पुंगळ्या बाहेर निघेनात. काढणी दाबून दाबून अंगठा दुखला. निघाल्या त्या तुम्हाला सांगितल्याच.

घरी येऊन व्हर्नियर लावलं. पुंगळीचा बुडाकडचा भाग .३८८ इंच, तोंडाकडचा .३७९, आणि मधे नखाला लागेल अशी पायरी. ती पायरी म्हणजेच त्या रिव्हॉल्व्हरचा खरा इतिहास होता. तो आजोबांनी सांगितला नव्हता, आणि नातवाला ठाऊकच नव्हता.

ही सगळी भानगड नावाच्या गोंधळातून सुरू होते, म्हणून आधी ती निस्तरू. .३८ एस अँड डब्ल्यू (म्हणजे स्मिथ अँड वेसन) आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं. पहिलं आखूड आणि जाड: पुंगळीची लांबी .७७५ इंच, व्यास .३८६. दुसरं लांब आणि सडपातळ: १.१५५ इंच लांब, .३७९ व्यासाचं. पहिल्याची गोळी .३६१ च्या आसपास, दुसऱ्याची .३५८. दोन्हींच्या नावात अडतीस आहे आणि दोन्हींची गोळी खऱ्या अडतिसाची नाही. नावं ठेवणाऱ्यांना दंडवत.

दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनने मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात आपलं जुनं मिलिटरी अँड पोलीस मॉडेल सैन्यासाठी काढलं. १९४२ मध्ये त्याच्या नंबरांनी दहा लाखांचा आकडा गाठला, तेव्हा पुढचे नंबर व्ही अक्षराने सुरू केले. व्ही म्हणजे व्हिक्टरी. त्यावरून संग्राहक त्याला व्हिक्टरी मॉडेल म्हणतात. यातली अमेरिकी सैन्याची रिव्हॉल्व्हरं .३८ स्पेशलची, बहुतेक चार इंची नळीची. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींना लेंड-लीज करारातून (मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री पुरवण्याची अमेरिकेची योजना) गेलेली .३८ एस अँड डब्ल्यूची, पाच इंची नळीची. ब्रिटिश त्याच काडतुसात २०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी भरत आणि त्याला .३८/२०० म्हणत. युद्ध संपल्यावर ब्रिटनने ही रिव्हॉल्व्हरं भंगाराच्या भावात काढली. अमेरिकी ठोक व्यापाऱ्यांनी ती परत आणली. पण अमेरिकेत गिऱ्हाइकाला हवं .३८ स्पेशल. मग काय, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, रीमर हे भोक कोरायचं अवजार घालून ते पुढे लांब केलं, नळी कापली, वरून निकेल चढवलं. लांबी वाढवता येते, पण मुळातच जाड असलेलं भोक बारीक कसं करणार? म्हणून सडपातळ पुंगळी त्या ढगळ चेंबरमध्ये फुगते, कधी फाटते.

असंच एक रिव्हॉल्व्हर सगळ्या जगाला माहीत आहे, फक्त ते व्हिक्टरी होतं हे कुणाच्या लक्षात नसतं. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींच्या हत्येनंतर ली हार्वे ऑस्वाल्डने टिपिट नावाच्या पोलिसाला ज्याने मारलं, ते असंच ब्रिटनहून परतलेलं, .३८ स्पेशलसाठी चेंबर वाढवलेलं, नळी सव्वादोन इंचांवर कापलेलं व्ही नंबरचं स्मिथ अँड वेसन. टपालाने मागवलेलं, किंमत २९ डॉलर ९५ सेंट. पुंगळ्या त्या रिव्हॉल्व्हरशी जुळल्या, पण शरीरातून काढलेल्या गोळ्या याच नळीतून सुटल्या असं एफबीआयच्या तज्ज्ञाला छातीठोकपणे सांगता येईना. नळी मोठी, गोळी बारीक. नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचे ओरखडे प्रत्येक गोळीवर वेगळे उमटत होते. माझी पुंगळी आणि त्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगापुढची साक्ष, दोन्हींचं दुखणं एकच.

आता तुम्ही टेबलापाशी उभे आहात असं धरू. विक्रेत्याची परवानगी घ्या, रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीनेही तपासा, नळी माणसांपासून दूर धरा.

पहिली गोष्ट, नळीची उजवी बाजू वाचा. 'थर्टीएट एस अँड डब्ल्यू सीटीजी' (सीटीजी म्हणजे काडतूस) असं लिहिलं असेल आणि मधे 'स्पेशल' हा शब्द नसेल, तर ते जन्माने ब्रिटिशांसाठीचं. आता खिशातून .३८ स्पेशलचं खोटं काडतूस काढा, ज्याला इथे स्नॅप कॅप म्हणतात. खरं काडतूस बाजारात बाहेर काढायचं नाही. ते सहाही चेंबरमध्ये एकेक करून घाला. चेंबर मूळचं असेल तर काडतूस आत अडकेल आणि जवळजवळ एक सेंटिमीटर बाहेर राहील. अगदी बुडापर्यंत गेलं तर कुणीतरी रीमर फिरवलाय. एवढ्या एका चाचणीने माझे त्या दिवशीचे पैसे वाचले असते.

मग नळीच्या डाव्या बाजूचं कंपनीचं नाव. ते नळीच्या मधोमध बसलेलं असतं. पुढच्या टोकाकडे सरकल्यासारखं दिसलं, तर पुढचा तुकडा कापला गेलाय. माशी, म्हणजे पुढचं निशाण, मूळची नळीबरोबरच घडवलेली असते. बुडाशी झाळल्याची रेघ दिसली तर ती नंतर बसवलेली. दस्त्याच्या बुडाला दोरीसाठी कडी असते. माझ्यात कडीच्या जागी गोल ठिगळ होतं आणि त्यावर निकेल. निकेल दिसलं की संशय घ्या. या रिव्हॉल्व्हरांचा युद्धकाळातला रंग काळपट, खरबरीत, बिनचमकीचा. लष्कराला चकाकणारं काही नको होतं.

यंत्राची तपासणी कुठल्याही जुन्या रिव्हॉल्व्हरला सारखीच. सिलिंडरला, म्हणजे सहा चेंबरच्या फिरत्या नळकांड्याला, बोटाचा हलकासा अडसर ठेवून घोडा सावकाश मागे ओढा. घोडा शेवटपर्यंत पोचायच्या आत खालची खिट्टी सिलिंडरच्या खाचेत 'टक' करून बसली पाहिजे. सहाही खाचांवर करा. एखादीच आळशी निघते. मग घोडा चढवलेला असताना चापाला न शिवता अंगठ्याने घोड्याला मागून पुढे ढकला. पडला तर रिव्हॉल्व्हर टेबलावर परत. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, बघा. इंचाच्या सहा हजारांशांच्या आसपास असेल तर छान, दहाच्या पुढे मी भाव पाडतो, बाराच्या पुढे नमस्कार करतो. नळीत उजेड टाकून बघा: कुठे काळी गोल कडी दिसली, तर तिथे कधीतरी गोळी अडकून मागून दुसरी मारलेली असते आणि नळी आतून फुगलेली असते. थोडे खड्डे चालतात. जुनी लष्करी काडतुसं क्षार सोडणाऱ्या टोप्यांची (घोडा आपटल्यावर पेटणारा बुडातला भाग) असायची आणि ते क्षार धुवायला सैनिकाला रोज गरम पाणी मिळत नव्हतं.

आता वाचन. माझ्या मते या छंदातली खरी गोडी इथेच आहे. नेमबाजी त्यानंतर.

नंबर दस्त्याच्या बुडाला असतो: कडीच्या एका बाजूला व्ही, दुसऱ्या बाजूला आकडे. तोच नंबर सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाटीवर काढणीच्या दांड्याच्या वर, पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या काढणीच्या चांदणीच्या पाठीवर आणि उजव्या लाकडी दस्त्याच्या आतल्या अंगाला सापडतो. पाचही जुळले तर संच मूळचा. दस्ता उघडायला पोकळ घासलेल्या पात्याचा, खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. घरातला पाचर पात्याचा घातलात तर ऐंशी वर्षं शाबूत राहिलेल्या स्क्रूचं डोकं एका मिनिटात चरेल. बाजूची झाकणपट्टी उघडायची वेळ आलीच तर फटीत काही खुपसू नका. स्क्रू काढून चौकटीवर लाकडी मुठीने हलके ठोकत राहा, ती आपोआप वर येते.

नळीच्या माथ्यावर पेटंटच्या तारखा आहेत, शेवटची २९ डिसेंबर १९१४. दर बाजारात कुणीतरी त्या वाचून 'पहिल्या महायुद्धातलं आहे' असं सांगतोच. पेटंटची तारीख म्हणजे बनावटीची तारीख नव्हे. १९४४ च्या रिव्हॉल्व्हरवरही १९१४ च लिहिलेलं असतं. भांडू नका, नंबर बघा.

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी' किंवा 'यू. एस. प्रॉपर्टी' असा ठसा असतो. त्यासोबत आधीच्या रिव्हॉल्व्हरांवर डब्ल्यू. बी. आणि नंतरच्यांवर जी. एच. डी. ही अक्षरं. ही लष्करी तपासनीसांची आद्याक्षरं, वाल्डेमार ब्रोबर्ग आणि गाय ड्र्यूरी. मी स्वतः तपासनीस होतो, त्यामुळे मला या दोघांविषयी उगीच आपुलकी वाटते. नौदलाच्या रिव्हॉल्व्हरांवर नौदलाचं नाव. ब्रिटनहून विकलं गेलेलं असेल तर सिलिंडर आणि नळीवर बर्मिंगहॅमचे चाचणी-शिक्के आणि बहुधा 'नॉट इंग्लिश मेक' असा ठसा. इंग्लिश माणूस जावयाची ओळख अशीच करून देत असेल असं मला दरवेळी वाटतं. माझ्या नॉर्मंडीवाल्या रिव्हॉल्व्हरवर निकेलच्या थराखाली हा ठसा अर्धवट दिसत होता. ब्रिटिशांसाठी बनलेलं, ब्रिटनमधून विकलं गेलेलं, मग अमेरिकेत येऊन नटलेलं. अमेरिकी आजोबांच्या हाती ते आलं असेल तर युद्धानंतर, एखाद्या दुकानातून.

एक ठसा मात्र जिवाशी संबंधित आहे. १९४४ च्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या जहाजावर भरलेलं व्हिक्टरी हातातून पोलादी डेकवर पडलं, बार उडाला आणि एक खलाशी गेला. घोड्याला अडवणारी जुनी पट्टी वेळेवर हलली नव्हती. कंपनीने घाईने नवी, खात्रीची पट्टी बसवली आणि त्या रिव्हॉल्व्हरांच्या व्हीच्या आधी एस मारला. तुमच्या रिव्हॉल्व्हरवर तो एस नसेल, तर काडतुसं पाचच भरा आणि घोडा रिकाम्या चेंबरवर ठेवा. मी एस असलेल्यातही पाचच भरतो. सवय एकच असलेली बरी.

याहून जास्त हवं असेल तर स्मिथ अँड वेसनच्या इतिहास-प्रतिष्ठानकडून शुल्क भरून पत्र मागवता येतं. कारखान्यातून रिव्हॉल्व्हर कधी आणि कुणाकडे रवाना झालं ते जुन्या नोंदींतून काढून ते कळवतात. व्हिक्टरीच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा एखादं सरकारी भांडार असंच येतं, सैनिकाचं नाव नाही. तरी मागवा. तारीख हातात आली की वस्तूला पाया मिळतो.

कायद्याचं थोडक्यात, पण न वगळता. अमेरिकेत १८९८ पर्यंतचं हत्यार केंद्रीय कायद्याने 'अँटीक', आणि पन्नास वर्षांहून जुनं, मूळ रूपातलं हत्यार 'क्युरिओ अँड रेलिक'. दुसऱ्या प्रकारासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांना तीस डॉलर, आणि प्रत्येक खरेदी-विक्री वहीत लिहावी लागते. राज्याचे नियम वर वेगळे. आमच्याकडे खासगी माणसाकडून घेतलेलं पिस्तूल-रिव्हॉल्व्हरही विक्रेत्याच्या दुकानातून किंवा शेरीफच्या कचेरीतूनच नावावर होतं. आणि एच-वन-बी वर आलेल्या पोरांनो, नीट ऐका: नॉन-इमिग्रंट व्हिसावर हत्यार किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. रेंजवर भाड्याने घेऊन फोटो काढणंही त्यातच आलं. ग्रीन कार्ड येईपर्यंत ठसे वाचा, नंबर पाठ करा.

सांगलीचे मामा फोनवर विचारतात, 'अरे, तिकडून एखादं आणता येतं का रे?' नाही मामा. भारतात .३८० (म्हणजे ब्रिटिशांचं तेच .३८ एस अँड डब्ल्यू) आणि .४५५ चं काडतूस घेणारी रिव्हॉल्व्हरं ही बंदी असलेल्या बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या मापात, मोडतात. म्हणून तर परवान्यावरची बहुतेक रिव्हॉल्व्हरं .३२ ची दिसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच हत्यारं ठेवता येतात. घरातला परवानाधारक वारला आणि कपाटात हत्यार निघालं, तर ते आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा, मग वारसाचा अर्ज. माळ्यावर गुंडाळून ठेवायचं नाही.

आता झाडणं. माझं दुसरं व्हिक्टरी मी तीन वर्षं शोधून घेतलं: पाच इंची, चेंबर न छेडलेलं, काळपट रंग अर्धा उडालेला, कडी शाबूत. आधी जुन्या रिव्हॉल्व्हरांची माहिती असलेल्या कारागिराला दाखवलं, मगच रेंजवर नेलं. .३८ एस अँड डब्ल्यूची काडतुसं आजही नवी मिळतात, १४५ ग्रेनच्या आसपासच्या शिशाच्या गोळीची, मवाळ. तीच वापरा. दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं घेऊ नका, आणि शंभर वर्षांपूर्वीचा खोका मिळाला तर तो शोकेसमध्ये ठेवा.

पहिल्या दिवशी एकच काडतूस भरा. झाडा. पुंगळी काढून बघा: बाजू सरळ आहेत का, टोपीवरचा घाव मधोमध आहे का, चीर आहे का. मग दुसरं, तेही दुसऱ्या चेंबरमध्ये. सहा चेंबर, सहा पुंगळ्या, ओळीने मांडून. बार मोठा न होता नुसतं 'फुस्स' झालं तर तिथेच थांबा. नळी समोर धरून अर्धा मिनिट वाट बघा, सिलिंडर उघडा, रिकामं करा आणि नळी आरपार दिसते का ते बघा. या मवाळ काडतुसात गोळी नळीतच राहायची शक्यता असते, आणि ती काळी कडी अशीच तयार होते.

गोळ्या निशाणाच्या खाली लागतील. पंधरा यार्डांवर माझं चार-पाच बोटं खाली मारतं. दोष तुमचा नाही, रिव्हॉल्व्हरचाही नाही. निशाण २०० ग्रेनच्या जड, संथ गोळीसाठी बसवलेलं आहे. हलकी गोळी नळीतून लवकर सुटते, नळी धक्क्याने वर उचलली जायच्या आत. थोडं वर धरा. माशी कानशीने घासून 'दुरुस्त' केलेली रिव्हॉल्व्हरं मी पाहिली आहेत, त्यांचा भाव त्या घासणाऱ्याबरोबरच खाली आला. एकदा एका हाताने, निशाणाकडे बाजू करून उभं राहून झाडून बघा, त्या काळी शिकवत तसं. गोळ्या पसरतील, पण तो छोटासा दस्ता असा का घडवला ते हाताला कळेल.

डोळ्यांना चष्मा, कानांना झाकण, आणि परत निघताना थंड पाण्याने साबण लावून हात. शिसं हाताला लागतं. तसल्या हाताने सँडविच खाऊ नका. आमच्या हिचा नियम त्याहून कडक आहे: 'अहो, तो शर्ट बाहेरच काढा, मग आत या.'

साफ करताना नळी आणि सहाही चेंबर ब्रशने, मग तेलाचा एक बोळा, मग कोरडा. बाहेरून पातळसं मेण. नवा रंग, बफिंग, निकेल, यातलं काहीही नको. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका. म्यान कितीही देखणं असो, चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि आत गंज चढतो. माझं मोज्यात गुंडाळून कुलूपबंद पेटीत असतं, म्यान वेगळं.

या दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचे पाचापैकी चार नंबर जुळतात. उजव्या दस्त्याच्या आत मात्र भलताच नंबर आहे, तोही व्हीचाच. कुठल्यातरी लष्करी दुरुस्तीशाळेत दोन रिव्हॉल्व्हरं एकाच बाकावर उघडी पडली असणार आणि दस्ते उलटसुलट बसले असणार. तेव्हापासून हॉलमध्ये कुठलंही व्हिक्टरी दिसलं की विक्रेत्याला विचारून मी आधी त्याचा उजवा दस्ता उघडतो. अजून सापडलेला नाही.